तिकडची माणसं

श्रावण लागला की मी माळ्यावरून गणपतीचा पाट खाली काढते. ओल्या फडक्याने पुसायचा, उन्हाची तिरीप मिळेल तेव्हा वाळवायचा, उलटा करून मागे खडूने आडनाव आणि आमचं गाव, ‘अष्टमी, रोहा’, लिहायचं, आणि नागपंचमीच्या आत पेणजवळच्या जोह्याला पोचता करायचा. आमच्या घरी गणपती दुकानातून उचलून आणत नाहीत. आपला पाट मूर्तिकाराकडे द्यायचा, तो त्याच्यावर मूर्ती बसवतो, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी आपणच जाऊन ती पाटासकट घरी आणायची. पाट रिकामा जातो, भरून येतो.

यंदाही काढला. पडवीत बसून पुसत होते. श्रीधर समोर खुर्चीत होते. मेअखेरीला ते धाटावच्या कंपनीतून निवृत्त झाले. तेव्हापासून सकाळी साडेसातला इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडतात आणि अकराच्या सुमारास परत येतात. फिरायला जातो, म्हणतात. मी त्यांना विचारलं नव्हतं, कारण तब्येतीसाठी फिरणं हे त्यांच्या निवृत्तीसाठी केलेल्या माझ्याच यादीत तिसऱ्या नंबरवर होतं.

पाटाकडे बघत ते म्हणाले, “पुलाजवळ त्या बाकांवर सकाळी रिटायर माणसं येऊन बसतात ना, ती एकमेकांशी बोलत नाहीत. सगळी पाण्याकडे बघतात. घरात आपण कुठे बसायचं ते त्यांना कळत नाही, म्हणून येतात.”

“हो का,” मी म्हटलं आणि आडनावाचं पहिलं अक्षर काढलं. दुसऱ्या अक्षराला खडू थांबला.

हे बोलणं माझ्या ओळखीचं होतं. चोवीस वर्षांपूर्वीचा एक श्रावण आणि अर्धा भाद्रपद मी असल्याच बोलण्यावर काढला होता.

*

श्रीधर थायलंडला गेले तेव्हा आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. धाटावच्या रंगाच्या कंपनीतली चांगली शिफ्ट सोडून ते बँकॉकच्या पूर्वेला, समुद्राकाठच्या एका कारखान्यात तीन वर्षांच्या करारावर गेले. जाऊ नका, असं मी म्हटलं होतं. एकदाच. जायचं नक्की झाल्यावर मी त्यांच्या सामानाची यादी केली. पन्नासेक वस्तू होत्या आणि एकही राहिली नाही.

मागे उरलो मी आणि माझे सासरे. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी पेणच्या खाडीवर मिठागरात मुकादम म्हणून उमेद घालवली होती. गुडघे गेले तेव्हा ते अष्टमीच्या या घरात आले, पण आवाज मिठागराएवढाच मोठा राहिला. मी धाटावला एका केमिकल कंपनीच्या स्टोअरमध्ये होते. वॉशर असो की व्हॉल्व्ह, प्रत्येक वस्तूचं एक कार्ड, आणि ती वस्तू कुठल्या कप्प्यात आहे त्याचा नंबर. वस्तू हरवत नाही, चुकीच्या कप्प्यात जाते, असं आमचे साहेब म्हणायचे. ते मला फार पटायचं.

श्रीधरना मी पत्र लिहायची ते नंबर घालून. एक, अण्णांचे गुडघे. दोन, छप्पर शाकारून झालं. तीन, तुमच्याकडे पावसाळा कधी? चार, पाच. ते नंबराप्रमाणे उत्तरं द्यायचे आणि मग पान उलटून स्वतःचं सुरू करायचे. स्वतःचं म्हणजे तिथल्या देशाबद्दलचं. पाणी प्यावं तितक्या सहज त्यांना मतं सुचत. इथे असताना हा माणूस जेवताना चार वाक्यं बोलायचा नाही. तिकडे गेल्यावर त्यांना एका अख्ख्या देशाविषयी सांगायचं होतं.

“हे लोक ‘नाही’ म्हणत नाहीत,” पहिल्याच महिन्यात त्यांनी लिहिलं. “संध्याकाळपर्यंत पंप दुरुस्त होईल का, असं विचारलं की फोरमन हसतो आणि ‘हो’ म्हणतो. पंप होत नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हसतो. यांच्या हसण्याचे दहा तरी प्रकार आहेत. चुकल्याचं हसू वेगळं, रागाचं वेगळं. मला अजून दोनच ओळखू येतात.”

किंवा, “सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागतं. स्टेशनात चालणारी सगळी माणसं जिथल्या तिथे उभी राहतात. संपलं की पुन्हा चालू लागतात.”

किंवा, “प्रत्येक इमारतीपुढे खांबावर एक लहानसं घर असतं. त्या जमिनीचा जो मूळ अदृश्य मालक, त्याच्यासाठी. कारखान्यापुढेही आहे. रोज त्याला फुलं आणि लाल सरबत ठेवतात.”

पत्र आलं की आधी अण्णा वाचायचे, मग मी, मग अण्णा ते खिशात घालून कोपऱ्यावरच्या रमेशच्या सलूनमध्ये जायचे. तिथे मोठ्याने वाचन. दाढीचा साबण तोंडावर वाळलेली माणसं ऐकत बसायची.

“खांबावर घर? जमिनीच्या मालकाला?” रमेश वस्तरा थांबवून विचारायचा.

“व्हय. आणि सरबत रोजच्या रोज,” अण्णा सांगायचे. “आमच्याकडं जितंजागतं मालक हायत जमिनीचं, त्यांना कोन पानी तरी विचारतंय काय!”

राजकारणावर तर अण्णांचा विशेष लोभ. तिथे पंतप्रधान भराभर बदलतात. मधूनच लष्कर येतं, मग जातं. गावोगावचे पुढारी निवडणुकीच्या आधी घरोघर फिरतात आणि काय काय वाटतात, हे सगळं श्रीधर सविस्तर लिहायचे. राजाचा फोटो प्रत्येक दुकानात. नाणं घरंगळलं तरी त्यावर पाय देऊन थांबवायचं नाही, कारण नाण्यावर राजाचा चेहरा असतो. परक्या माणसासमोर राजकारण बोलत नाहीत, असं म्हणून श्रीधर त्याच राजकारणावर दोन पानं भरायचे.

“आपलाच देश हाय ह्यो,” अण्णा सलूनमध्ये निकाल द्यायचे. “फक्त हसतात जास्ती.”

ही पत्रं सुटी राहणं मला बरं वाटेना. मी दोनशे पानी वही घेतली, कप्पे पाडले: हवामान, कंपनी, जेवण, देवधर्म, राजकारण, समाज. पत्र आलं की त्यातलं प्रत्येक मत त्या त्या कप्प्यात, तारखेसह. संध्याकाळी सातनंतर घरात दुसरं काम नसायचं. अण्णा बातम्या लावायचे. नदीपलीकडून कंपन्यांच्या शिफ्टचे भोंगे ऐकू यायचे आणि भरतीच्या वेळी कुंडलिकेचा कुबट, खारट वास दारापर्यंत यायचा. मी वहीत थायलंड भरत बसायची. कुणी विचारलं असतं तर मी त्या देशाचे सहा कप्पे भराभर सांगितले असते. नवरा कुठल्या कुशीवर झोपतो, तिथे पंखा आहे की नाही, हे मात्र मला माहीत नव्हतं. त्याचा कप्पाच नव्हता.

*

सत्याण्णवच्या आषाढात बातम्यांमध्ये आलं, की तिथलं चलन कोसळलं. अण्णांनी सलूनमध्ये समजावून सांगितलं, “बात म्हंजे त्यांचा रुपया.” श्रीधरनी लिहिलं, की उंच उंच इमारती अर्ध्यावर थांबल्या आहेत, क्रेन तशाच आकाशात उभ्या आहेत, आणि चांगल्या हुद्द्यावरची माणसं गाडीच्या डिकीतून सँडविच विकताहेत. नवीन राज्यघटनेवरून वाद चालले आहेत. ती हवी असणारे हिरव्या फिती लावून हिंडतात. मी क्रेन आणि सँडविच ‘समाज’मध्ये घातलं आणि हिरव्या फिती ‘राजकारण’मध्ये.

माझ्या पत्रातला चौथा प्रश्न होता, “गणपतीला येण्याचा रजेचा अर्ज दिलात का? केव्हा निघाल?” त्या वर्षी येतो असं त्यांनी जानेवारीतच कबूल केलं होतं. अण्णांनी ते अष्टमीत आणि नदीपलीकडच्या अर्ध्या रोह्यात सांगून टाकलं होतं.

उत्तर आलं. एक, दोन, तीन, पाच.

मला वाटलं नजरचूक. पुढच्या पत्रात मी तो प्रश्न पहिला घातला. उत्तर आलं. दोन, तीन, चार.

कागदही बदलला होता. आधी कंपनीच्या हिरव्या किनारीच्या पॅडवर लिहायचे, आता शाळेच्या वहीतलं रेघांचं पान. मी वहीत नोंद केली: ‘कागद बदलला. पॅड संपलं असावं.’ स्टोअरमधली माझी नजर एवढी पक्की. बदल दिसला, कारणही लगेच लिहून मोकळी झाले.

महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा फोन पुलापलीकडच्या एसटीडी बूथवर यायचा. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मी दहा ते बारा बूथच्या स्टुलावर बसले. फोन तीनदा वाजला. दोनदा दुसऱ्यांचा, एकदा चुकीचा नंबर. बूथवाला सारखा म्हणत होता, “वैनी, लाइन बिझी आसंल हो. तिकडं वादळबिदळ आसंल.” बाराला त्याने माझ्यासाठी चहा सांगितला. ती दया मला सहन झाली नाही. पुलावरून परतताना खाली पाणी लाल, गढूळ वाहत होतं आणि समोरून सगळं ओळखीचं गाव येत होतं. प्रत्येक जण विचारत होता, “काय, कधी येतायत श्रीधर?” मी प्रत्येकाला सांगितलं, “चतुर्थीच्या आधी.” हसून सांगितलं. त्या हसण्याचा प्रकार कुठला, हे तेव्हा मला कळलं नाही.

नागपंचमीला पाट कोण नेणार, हा प्रश्न घरात निघालाच नाही. अण्णांना गुडघ्यांमुळे एसटीची पायरी चढवत नव्हती. मीच घेऊन गेले. जोह्याचे पांडूमामा आणि काशीमामी आमच्या घरचे तीन पिढ्यांचे मूर्तिकार. मामा बोलत नाहीत, मामी थांबत नाही.

“आज घरधनीन आली गो पाट घेवन!” मामी रंगाचे हात वर करून म्हणाली. “आणि धनी कवा येतोय?”

“न्यायला तेच येतील.”

“येवदे, येवदे. त्याच्या डोक्यावर देते बसवून.”

*

बाकाचं पत्र आलं ते श्रावण संपता संपता. ते मी इतक्या वेळा वाचलं आहे, की न बघता सांगू शकते.

“इथली माणसं नोकरी गेली तर घरी सांगत नाहीत. सकाळी नेहमीच्या वेळेला इस्त्रीचा शर्ट घालून निघतात आणि कुठल्या तरी बागेत जाऊन बसतात. कालव्याकाठी अशी एक बाग आहे. तिथला बाक दुपारी दोनपर्यंत सावलीत असतो, मग ऊन येतं आणि उठून पलीकडच्या बाकावर जावं लागतं. त्या बाकाची मधली पट्टी वर आली आहे, ती पाठीला टोचते. शेजारच्या माणसाशी बोलायचं नाही, असा इथला शिष्टाचार आहे. पाच वाजता सगळे उठतात. या समाजात खरं बोलण्यापेक्षा तोंड राखणं मोठं समजतात.”

अण्णांनी ते सलूनमध्ये वाचलं. मी बाहेरून भाजी घेऊन येत होते, म्हणून मला ऐकू आलं.

“घरच्यांना सांगायची लाज?” अण्णा गरजत होते. “बाकड्यावर बसून दिवस काढायचा? अरे, मूर्ख माणसं! बायको काय खाणार हाय काय याला?”

“यडाच म्हनायचा,” रमेश म्हणाला आणि सगळे हसले.

घरी येऊन मी शेवटचं वाक्य अधोरेखित केलं आणि अख्खा मजकूर ‘समाज’मध्ये लिहून काढला. अक्षर छान आलं आहे. आजही बघवत नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी, हरितालिकेच्या उपासाला, मी सकाळच्या पॅसेंजरने जोह्याला निघाले. श्रीधर आले नव्हते आणि काही कळवलंही नव्हतं. गाडीत ते पत्र काढलं. त्यात कुठे तरी चौथ्या प्रश्नाचं उत्तर असेल, माझ्याकडून सुटलं असेल, म्हणून पुन्हा वाचत बसले. जोह्यासाठी उतरायचं ते हमरापूर आलं आणि गेलं. मान वर केली तेव्हा जिते होतं. माझ्या आयुष्यात मी स्टेशन चुकले ती एकच वेळ. जित्याहून एका टेम्पोने परत आले, रिकाम्या पोटी, चिडून.

मामांच्या कारखान्यात ही घाई. रांगेने देव उभे, कुणाचा पीतांबर ओला, कुणाचे डोळे बाकी. आमच्या मूर्तीचे डोळे मामांनी नुकतेच रेखले होते. वाळेपर्यंत थांबायचं होतं. मामीने पाणी दिलं, माझ्या मागे कुणी आहे का ते पाहिलं, आणि विचारलं नाही. त्याऐवजी म्हणाली, “तुज्या मालकाचा कागुद आला आसंल ना? वाच की. त्या हसणाऱ्या मानसांचा आयकते.”

मी वाचलं. मामी सोनेरी रंगाने सोंडेवरची नक्षी काढत होती. बाकाच्या पट्टीपाशी तिचा हात थांबला.

“परत वाच.”

मी परत वाचलं.

“अगो,” मामी हळूच म्हणाली, “ह्यो बाकड्यावर बसलेला मानूस लिवतोय. रस्त्यानं जाताना बगणारा नाय.”

“म्हणजे?”

“बगणाऱ्याला मानूस दिसतो. पट्टी पाठीला कुटं टोचते, ता बसणाऱ्यालाच ठावं. आमी रोज बसलेलं देव करतो गो. भार कुटं पडतो, ता बगून कळत नाय. आपुन बसून बगाया लागतं.” तिने कुंचला पाण्यात बुडवला. “तुज्या मालकाची नोकरी गेली.”

मामा पहिल्यांदाच बोलले. “काशे, गप.”

“गप कशाला? पोरीला कळाया नको?”

*

परतीच्या एसटीत कंडक्टरने मूर्ती बघून मला पुढची जागा दिली. “देव हायत, मागं आदळतील. बस, ताई.” मूर्तीच्या तोंडावर रुमाल होता. पाट माझ्या मांडीवर, आणि पाटाचा भार कुठे पडतो ते मला नीट कळत होतं.

वही बरोबर नव्हती. तिची गरजही नव्हती. पेण ते रोहा एवढ्या वाटेत मी सगळे कप्पे उलटे केले.

‘जेवण’मध्ये होतं: इथले भिक्षू दुपारनंतर जेवत नाहीत, सवय झाली की संध्याकाळी भूक लागत नाही.

‘देवधर्म’मध्ये होतं: देवळात सकाळी उरलेलं अन्न कुणालाही देतात, नाव विचारत नाहीत.

‘समाज’मध्ये होतं: चौघं चौघं मिळून एक खोली घेतात, पाळीने झोपतात.

‘हवामान’मध्येसुद्धा होतं: पावसात बागेत बसता येत नाही, तेव्हा माणसं बसस्थानकात जातात.

दीड महिना हा माणूस मला सगळं सांगत होता. मी ते अचूक तारखेसह चुकीच्या कप्प्यात ठेवत होते. आणि त्याने तरी काय केलं होतं? त्याला ‘मी’ म्हणून एक वाक्य लिहिता येईना, तर त्याने एका देशाला पुढे केलं. रजेच्या प्रश्नाला ‘नाही’ न म्हणता तो नंबरच गाळला. दोन वर्षं ज्या गोष्टीसाठी तिकडच्या माणसांना नावं ठेवली, तीच गोष्ट तो त्यांच्या शेजारच्या बाकावर बसून करत होता.

नागोठण्यापाशी गाडी थांबली तेव्हा मला रडू आलं. मी रुमाल शोधला. तो मूर्तीच्या तोंडावर होता.

*

अण्णांना सांगणं भाग होतं. मूर्ती मखरात ठेवली, तांदूळ टाकले, आणि सांगितलं. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते पडवीच्या पायरीवर बसले.

“बाकड्यावर?” त्यांनी विचारलं.

“हो.”

ते गुडघे चोळत राहिले. मग म्हणाले, “मी त्याला मूर्ख म्हनलो गो. सगळ्यांच्या देखत. साबन लावलेली मानसं हसली.”

मग त्यांनी, सगळ्यांनी सांगितलं असतं तेच सांगितलं: तार कर, ये म्हणावं. पण मला ते पटेना. तार केली असती तर त्यात लिहावं लागलं असतं, की आम्हाला कळलं. मग ज्या तोंडासाठी तो माणूस उपाशी बाकावर बसला, तेच आम्ही दोन ओळींत काढून घेतलं असतं. कदाचित आला असता. कदाचित मुळीच आला नसता, आणखी दूर कुठे गेला असता. आदल्या वर्षी आमच्या आळीतला एक जण आखातातून असाच कुठे तरी गेला होता. त्याची आई अजून पोस्टमनची वाट बघायची. मला माझं माणूस परत हवं होतं, आणि एकच संधी होती.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी मी पत्र लिहायला बसले. नंबर घातले नाहीत. रोह्याच्या माणसांबद्दल माझी मतं लिहिली.

“आमच्याकडची माणसं तशी विचित्रच,” मी लिहिलं. “कुणी परगावाहून परत आलं तर त्याला तीन दिवस काही विचारत नाहीत. का आलास, किती दिवस, बॅगेत काय, काही नाही. आधी पाणी देतात, मग चहा. त्याच्या नेहमीच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं असेल तर गुपचूप उठतं. रिकाम्या हातांनी आलेला माणूस इथे पाटासारखा समजतात. रिकामा पाट म्हणजे अपशकुन नव्हे, तो फक्त अजून भरायचा असतो. हे सगळं तुमच्या तिकडच्या लोकांना चमत्कारिक वाटेल. पण इथला समाज असाच आहे.”

एक शब्द खरा नव्हता. रोह्यात आलेल्या माणसाच्या पायातली चप्पल निघायच्या आधी गाव विचारून मोकळं होतं. अख्खी रूढी मी पोस्टाच्या पेटीपर्यंत जाता जाता तयार केली होती. ती पेटीत पडल्यावर मला कळलं, की आता ती खरी करावी लागणार.

मी यादी केली. एक, अण्णा. दोन, शेजारच्या शेवंताकाकू. तीन, रमेश. चार, बूथवाला. पाच, पुलाच्या तोंडाशी बसणारी कोळीण, कारण तिच्या पुढून गेल्याशिवाय अष्टमीत कुणी येत नाही. प्रत्येकाकडे जाऊन सांगितलं: श्रीधर येतील तेव्हा तीन दिवस काही विचारायचं नाही. कारण सांगितलं नाही.

“आँ? का गो?” शेवंताकाकू म्हणाल्या. “सोवळं हाय काय?”

“तसंच समजा.”

“मंग कसा हायस, एवढा तरी विचारू ना?”

“तेवढं चालेल.”

रमेश म्हणाला, “वैनी, सलून हाय माजा. इथं नाय विचारायचा तर मी काय करू, नुसती दाढी?”

पाचव्या दिवशी विसर्जन झालं. शेजारच्यांनी नदीत नेलं. पाट परत आला, ओला, वर मूठभर नदीची वाळू. तो कोपऱ्यात उभा केला. मग फक्त वाट बघणं होतं. पाऊस विरळ झाला, भाताला लोंब्या धरल्या, पितृपक्ष गेला. बातम्यांत सांगितलं की तिकडची ती घटना मंजूर झाली. अण्णा सलूनमध्ये जायचे बंद झाले होते. संध्याकाळी सातनंतर मी वही उघडायची नाही. आम्ही दोघं पडवीत बसायचो आणि पुलाकडे बघायचो, आणि बोलायचो नाही.

*

श्रीधर नवरात्रात आले. दुपारच्या एसटीने, एका बॅगेसह. जाताना नेलेल्या पन्नास वस्तूंपैकी किती परत आल्या, ते मी बघितलं नाही. शर्ट इस्त्रीचा होता.

मी पाणी दिलं. अण्णा त्यांच्या खुर्चीवर बसले होते. गुडघ्यांवर हात ठेवून उठले आणि पायरीवर जाऊन बसले. कोळणीने हाक मारली नव्हती, हे श्रीधरनी नंतर मला आश्चर्याने सांगितलं. शेवंताकाकू दारात आल्या, तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, “कसा हायस?” मग पुढचं सगळं गिळून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी रमेशने दाढी केली आणि सबंध वेळ पावसावर बोलला. श्रीधर परत येऊन म्हणाले, “रमेशला बरं नाही का?”

सर्वांत हाल अण्णांचे झाले. तीन दिवस तो माणूस ओठ दाबून हिंडत होता. चौथ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात आल्याआल्या त्यांनी विचारलं, “मग? ती तिकडची घटना मंजूर झाली म्हनं. हिरव्या फितीवालं जिंकलं?”

श्रीधर हसले. दोन वर्षांनी बघितलं ते हसू. मग सांगायला लागले: लोक रस्त्यावर नाचले, गावपुढारी रुसले, आणि एवढं सगळं होऊनही माणसं दुसऱ्या दिवशी आठ वाजता स्टेशनात उभी राहिली. बोलता बोलता ते थांबले आणि कपाकडे बघत म्हणाले, “मी तेव्हा बागेत होतो, अण्णा. जुलैपासून मी बागेतच होतो.”

“व्हय रे,” अण्णा म्हणाले. “चा निवंल.”

त्यापुढे या विषयावर आमच्या घरात कधीच बोलणं झालं नाही. डिसेंबरात त्यांना धाटावला पुन्हा शिफ्ट मिळाली. मुलगी झाली, शिकली, नाशिकला गेली. अण्णा गेले. वही माळ्यावर पाटाच्या शेजारी राहिली. मी ते पत्र मात्र ‘समाज’मधून काढलं नाही. खाडाखोड मला आवडत नाही. त्या पानाच्या समासात फक्त लिहिलं आहे: ‘चुकीचा कप्पा’. एक गोष्ट मला आजही बोचते. तो बाकावर बसलेला आणि मी बूथच्या स्टुलावर, दोघं एकाच वेळी तोंड राखून. परत आल्यावर मी त्याची तीन दिवसांची सोय केली. त्यानंतर, चौथ्या दिवशी, मी स्वतः त्याला काही विचारायचं राहूनच गेलं. माझी रूढी मीच पुढे चोवीस वर्षं पाळली.

*

तर यंदा पाटावर खडू थांबला तो असा. मी आडनाव पुरं केलं, ‘अष्टमी, रोहा’ लिहिलं, पाट भिंतीला टेकवला.

दुसऱ्या दिवशी साडेसातला श्रीधर निघाले. मी स्टोअरमधून स्वेच्छानिवृत्ती घेतल्याला आता चार वर्षं झाली. सकाळची माझी सगळी कामं यादीवर असतात. त्या दिवशीची यादी मी डब्याखाली दाबून ठेवली, थर्मासात चहा भरला आणि पुलाकडे गेले.

चार बाक आहेत. तिसऱ्यावर ते होते, पाण्याकडे बघत. बाकीच्या बाकांवरची माणसंही पाण्याकडे बघत होती. त्यांचं मत बरोबर होतं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

मी शेजारी बसले. त्यांनी बघितलं, थर्मासकडे बघितलं, आणि थोडं सरकले.

“इथली माणसं—” त्यांनी सुरुवात केली.

“माणसांचं राहू दे,” मी म्हटलं. “तुमचं सांगा.”

नदीला भरती लागत होती. मी थर्मासाच्या झाकणात चहा ओतून त्यांच्या हातात दिला. मी घाई केली नाही. मधली पट्टी सिमेंटची आहे, टोचत नाही, पण गार आहे आणि डावीकडे थोडा उतार आहे, हे मला बसल्यावर कळलं. थोड्या वेळाने त्यांनी झाकणातला चहा संपवला आणि सावकाश, घसा साफ करून, ‘मी’ असं म्हटलं. मग पुन्हा थांबले.

साडेनऊला पुलाच्या कठड्यावरून ऊन आलं. तेव्हा त्यांचं निम्मं सांगून झालं होतं. आम्ही उठलो, पलीकडच्या बाकावर गेलो, आणि उरलेलं तिथे सुरू झालं.